आंदोंगच्या पायरीवरची पायताणं

१

वरकुट्याच्या साखरबाईला जगातल्या बऱ्याच गोष्टींचा राग यायचा, पण नवऱ्याच्या पायताणांचा कधी आला नाही. म्हस्कू संध्याकाळी मेंढरं वाडग्यात कोंडून घरी यायचा, उंबऱ्याबाहेर पायताणं जशी सुटतील तशी सोडायचा आणि आत शिरायचा. तोंडं घराकडं, एक पुढं, एक मागं. साखरबाई त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि बाहेर येऊन ती जोडी उलटी फिरवून, तोंडं अंगणाकडं करून नीट मांडून ठेवायची. सकाळी माणसाला वाकायला लागू नये, पाय घातला की चालू पडावं, एवढंच त्यामागं. लग्न होऊन आल्या आल्या सासूनं शिकवलेलं ते काम. आता तर हात आपोआप जायचा, डोक्याला त्याची खबरही नसायची.

पायताणं इंदापुरात शिवून घेतलेली, जाड कातड्याची, खाली टायरचा तळ. म्हस्कू लहानपणापासून डाव्या पायानं लंगडायचा, त्यामुळं डावी टाच बाहेरच्या कडेला पार झिजलेली असायची. नवी जोडी आणली तरी सहा महिन्यांत तेच.

बाकी बाई मऊ नव्हती. एके काळी गावची सरपंच होती. पोराच्या तापावर अंगारा घेऊन आलेल्या देवरुशाला तिनं अंगणातूनच परत पाठवलं होतं. कुणी भूत बघितलं म्हणालं, तर ती आधी विचारायची, जेवला होतास का.

तिची लेक राजनंदिनी कोरियात आंदोंग नावाच्या गावी लसींवर संशोधन करत होती. तिनं आईबापाला बोलावून घेतलं. दोघांचे पासपोर्ट झाले, व्हिसा झाले, आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हस्कू अडून बसला.

"मेंढी व्यायला झालीया. मी न्हाय येत."

"थोरला दादासो हाय की बघायला."

"दादासोला उसातलं कळतंय. मेंढरातलं काय कळतंय त्याला?"

"ऱ्हावा मग मेंढरापाशीच," म्हणून साखरबाई एकटी विमानात बसली. सगळी वाट ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती आणि शेजारची खिडकीकडची जागा रिकामी होती.

२

आंदोंग तिला आवडलं, म्हणजे तिनं फारशी नावं ठेवली नाहीत. राजनंदिनीनं हॉस्टेलऐवजी नदीकाठच्या एका जुन्या कौलारू घरात खोली घेतली होती. मधे अंगण, भोवती लाकडी ओसरी, ओसरीखाली एक लांब दगडी पायरी. पायरीवर पादत्राणं काढायची आणि मगच वर चढायचं. जमीन खालून गरम केलेली, तिच्यावरच गादी टाकून निजायचं.

"शहाणी माणसं हायती," साखरबाई म्हणाली. "चपला घालून घरभर हिंडत न्हाईत."

घरमालकीण एक वाळकी, ताठ आजी होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण पहिल्याच संध्याकाळी साखरबाईनं बघितलं, की आजीनं बाहेर येऊन पाहुण्यांचे जोडे उलटे फिरवले आणि तोंडं अंगणाकडं करून मांडले. साखरबाई हसली. आजीही हसली. पुढं दोघी ओसरीवर बसून पिवळीजर्द फळं सोलायच्या, वाळवायला टांगायच्या आणि आपापल्या भाषेत गप्पा मारायच्या.

सकाळी केस विंचरून झाले की साखरबाई फणीतला गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून पिशवीच्या कप्प्यात ठेवायची.

"आई, इथं भांडीवाली येणार नाहीये केसावर भांडी द्यायला," राजनंदिनी म्हणाली.

"परक्या दारात केस टाकायचं न्हाईत. घरी न्हीन."

दुसऱ्या दिवशी त्या गावात हिंडल्या. बाजारात मीठ लावलेले मासे बघितले, एका गल्लीत शेवया घातलेलं कोंबडीचं कालवण खाल्लं. "तिखट म्हनत हुतीस व्हय ह्याला?" असं विचारत साखरबाईनं दोनदा वाढून घेतलं. दिवेलागणीला घरी आल्या. राजनंदिनी पुढं होऊन खोलीत गेली. साखरबाईनं पायरीवर आपले बूट काढले, शेजारची पायताणं उलटी फिरवून नीट मांडली आणि वर चढली.

पाण्याचा ग्लास ओठाला लागला, तेव्हा ती थांबली.

ती परत बाहेर आली. पायरीवर तिचे बूट होते, लेकीचे बूट होते, आणि तिसरी जोडी होती. जाड कातडं, टायरचा तळ. डावी टाच बाहेरच्या कडेला झिजलेली.

३

"दुसरा कुणी पाहुणा उतरला असेल," आईनं विचारल्यावर राजनंदिनी आतूनच म्हणाली.

साखरबाईला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. टायर काय इंदापुरातच मिळतो असं नाही आणि लंगडी माणसं जगात ढिगानं आहेत. कोरियातही एखादा म्हातारा डाव्या पायानं लंगडत असेल, आणि तोही कुणाचं ऐकत नसेल. जेवून ती पुन्हा बाहेर डोकावली, तेव्हा जोडी तिथंच होती. खोल्या मात्र सगळ्या अंधारात होत्या.

तिनं घरी फोन लावायला सांगितला. दादासो, तिचा थोरला, उसाच्या फडातून बोलत होता.

"आबाला जरा ताप हाय. गोळी दिलीया. घरीच हायती."

"घरी जा आन् दे त्यांच्याकडं."

थोड्या वेळानं म्हस्कूचा आवाज आला. लांबून यावा तसा, पण खूश.

"पोचलो बग."

"कुठं पोचला?"

"लई भारी हाय हितं. जमीन गरम हाय. पाठ कशी शेकून निघाली."

साखरबाईनं लेकीकडं बघितलं. राजनंदिनी फोनवर दुसरंच काही वाचत होती.

"त्यांला तू सांगितलंस का, हितली जमीन गरम असती म्हनून?"

"मी? त्यांच्या त्या बटणाच्या फोनवर मी काय सांगणार? दादाला बोलले असेन कधीतरी."

असेल. दादासोनं सांगितलं असेल, आणि तापात माणूस बरळतो. साखरबाई गादीवर आडवी झाली. गरम जमिनीवर तिची पाठही शेकत होती, पण झोप काही लागेना.

४

सकाळी पायताणं पायरीवर नव्हती. ती पायरीखाली, अंगणात होती. तोंडं बाहेर.

पाहुणा उठून फिरून आला असेल, असं साखरबाईनं ठरवलं. मग तिच्या लक्षात आलं, की फिरून आलेल्या माणसाच्या पायताणांची तोंडं घराकडं असतात. आजीनं फिरवली असतील. हां, आजीनंच. आजीनं न्याहारी मांडली, तेव्हा मेजावर तीन वाट्या होत्या. तिनं राजनंदिनीला काहीतरी विचारलं आणि राजनंदिनी हसायला लागली.

"काय म्हनती?"

"म्हणते, तुमच्याबरोबरचे आजोबा अजून उठले नाहीत का?"

साखरबाई हसली नाही. "दुसरा कुनी पावना हाय का, इचार तिला."

राजनंदिनीनं विचारलं. आजीनं नकारार्थी मान हलवली. या आठवड्यात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी लाकडी पूल बघायला जायचं ठरलेलं होतं. आंदोंगच्या धरणाखाली पाणी अडवून तळं केलंय आणि त्यावर माणसांनी चालायचा लांबच लांब पूल आहे. मधोमध छप्पर टाकलेली बसायची जागा. डोंगर लाल-पिवळे झालेले. "आमच्या उजनीच्या पान्यापुढं ह्ये डबकंच हाय," असं साखरबाई सवयीनं म्हणाली, पण तिचं मन तिथं नव्हतं.

"या पुलाची एक गोष्ट आहे," राजनंदिनी सांगू लागली. "चारशे वर्षांपूर्वी इथं एक बाई होती. नवरा आजारी पडला. तर तिनं स्वतःचे केस कापून त्याच्यासाठी जोडा विणला. बरा झाला की घालील म्हणून. त्याच्या थडग्यात सापडला तो जोडा. पुलाची घडण त्यावरूनच केलीय म्हणतात."

"मंग घातला का त्यानं?"

"नाही ना. आधीच गेला तो."

साखरबाईला ती गोष्ट मुळीच आवडली नाही. ती चालू लागली. पुलावर माणसं होती, पण सगळ्यांच्या पायांत मऊ बूट, कुणाचा आवाज येत नव्हता. फक्त मागं एक आवाज होता. फळीवर टायरचा तळ दबून पडायचा, आणि मग दुसरा पाय घासत यायचा. दबून, मग घासत. वरकुट्यात ओढ्याच्या वाटेनं तो आवाज यायला लागला, की ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

ती थांबली. आवाज थांबला. ती मागं वळून बघेना. बघितलं आणि कुणी नसलं तरी वाईट, आणि कुणी असलं तर त्याहून वाईट. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीचा तिला संतापही येत होता.

"आई, फोटो काढू?"

"नगं," साखरबाई म्हणाली. "फोटू नगं."

संध्याकाळी घरी आल्या, तर पायताणं अंगणाच्या मध्यावर होती. तोंडं अंगणाच्या बाहेरच्या दरवाजाकडं.

५

चौथ्या दिवशी मुखवट्यांचं गाव. नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलेलं, गवताच्या छपरांचं, राखून ठेवलेलं जुनं गाव. मुखवट्यांना खालचा जबडा वेगळा लावलेला, माणसानं मान मागं टाकली की लाकडी तोंड खदखदा हसायचं. गावाच्या मधे एक अवाढव्य जुनं झाड होतं, त्याच्याभोवती लोकांनी मागणं मागून कागद बांधले होते. साखरबाईनं कधी नवस केला नव्हता. ती झाडापाशी उभी राहिली, पण कागद काही तिनं घेतला नाही.

तेवढ्यात दादासोचा फोन आला.

"आये, घाबरू नगंस. आबाला बारामतीला आणलंय. डेंगी हाय म्हनत्यात. रक्तातलं कायतरी लई खाली गेलंय."

"बोलत्यात का?"

दादासो म्हणाला, "पहाटपसनं डोळं उघडलं न्हाईत. त्याच्या आदी कायबाय बोलत हुतं. नदी हाय म्हनं. पल्याड उबा कडा हाय. तितं जायचंय म्हनं, पायताण बी दारात तयार हाय."

साखरबाईनं मान वर केली. झाडाच्या फांद्यांमधून नदी दिसत होती, आणि नदीच्या पलीकडं एक उभा कडा.

सगळं तिला एकदम कळलं. त्या संध्याकाळी पायरीवर ती जोडी कशी होती? एक पुढं, एक मागं. तोंडं घराकडं. म्हातारा रुसला होता, राहिला होता, आणि मग तिच्यामागं आला होता. आत आला होता. आणि तिनं काय केलं? पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी, त्याला निघायला बरं पडावं म्हणून, स्वतःच्या हातानं त्याची पायताणं बाहेरच्या वाटेला लावून दिली होती.

"विमान बदलून घेऊ," राजनंदिनी रडत म्हणाली. "उद्या सकाळचं मिळतं का बघते."

"ते मागनं बग. आदी घरी चल."

"घरी म्हणजे?"

"त्या म्हातारीच्या घरी. बिगी बिगी."

६

बस त्या दिवशी जितकं हळू चालता येईल तितकं हळू चालली. साखरबाई पुढच्या सीटचा दांडा धरून बसली होती. ती स्वतःशी वाद घालत होती. मी सरपंच होते. मी देवरुशाला हाकललं. चामड्याच्या दोन तुकड्यांनी माणूस मरत नाही आणि जगतही नाही. हे सगळं तिला मान्य होतं. तरीही ती बस पुढं ढकलत होती.

गल्लीत वळल्या, तेव्हा सूर्य डोंगराआड जात होता. अंगणाचा बाहेरचा दरवाजा उघडा होता. त्याला उंच लाकडी उंबरा, आणि उंबऱ्यापुढं सरळ नदीकडं उतरणारी वाट.

उजवं पायताण उंबऱ्याच्या बाहेर होतं. डावं अजून आत होतं.

"आई, ही तर आबांची..." राजनंदिनी म्हणाली.

साखरबाईनं पिशवी खाली टाकली आणि उंबऱ्यावर बसकण मारली. मांडी घालून, दार अडवून, बाजारात भाजीवाली बसते तशी. तिनं उजव्या पायताणाला हात घातला. ते उचललं जाईना. रिकाम्या पायताणाला वजन नसतं, आणि याला होतं. कातडं ताणलेलं होतं आणि ऊबही होती.

"अवो," ती हळू म्हणाली. "फिरा मागं."

वजन पुढं सरकलं. पायताण तिच्या हातातून बोटभर निसटलं, नदीकडं.

मग साखरबाईचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कधी एकेरी बोलावलं नव्हतं.

"अरं ए," ती ओरडली. "कुठं चाललास? मला न इचारता चाललास? मेंढीसाठी ऱ्हायलास, आता मेंढी कुनी बघायची? मी लावलं व्हय तुझं तोंड भाईर? चुकलं माजं. आता मीच फिरवती. बगू कोन आडवतंय."

तिनं मांडी मोडली, दोन्ही हातांनी पायताण धरलं आणि ओढलं. मेंढरू चिखलात रुतलं की ओढतात तसं, पाय रोवून. राजनंदिनीनं मागून तिच्या कमरेला मिठी घातली. अंधारून येत होतं. साखरबाईनं एकदाच खाली नीट बघितलं. पायताणाच्या मागच्या कडेवर एक टाच होती. भेगाळलेली, धुळीनं पांढरी, आणि तिच्यावर बाभळीच्या काट्याचा तो जुना वण. टाचेच्या वर बघायचा तिनं प्रयत्न केला नाही.

पायताणाच्या अंगठ्याचं कातडं फाटकन तुटलं आणि ती पाठीवर पडली. पायताण तिच्या छातीशी होतं. हलकं, रिकामं.

साखरबाई उठली. तिनं डावंही उचललं, पिशवी घेतली, अंगणातून चालत गेली आणि दगडी पायरीवर बसली. तुटलेला अंगठा बघितला. या पायताणात पाय राहणार कसा? तिनं पिशवीतून गुंतवळ काढला आणि मांडीवर, तळव्याखाली वळायला लागली. आईनं तिला लहानपणी लोकर अशीच वळायला शिकवली होती. पांढऱ्या-काळ्या केसांची बारीक दोरी झाली. तिनं ती दुहेरी केली, अंगठ्यातून ओवली आणि घोंगडीच्या काठाला मारतात ती गाठ मारली.

त्या पुलाच्या गोष्टीतल्या बाईची तिला आठवण झाली. चांगली बाई होती ती, तिला फक्त वेळ मिळाला नाही.

साखरबाईनं दोन्ही पायताणं पायरीवर ठेवली. तोंडं घराकडं. एक पुढं, एक मागं, तो सोडायचा तशीच.

तिनं वर बघितलं, तर घरमालकीण आजी अंगणात उभी होती. ती चालत दरवाजापाशी गेली, दोन्ही फळ्या लावून घेतल्या आणि आडवा अडसर टाकला. मग आत गेली आणि जेवणाच्या तीन वाट्या मांडल्या.

७

फोन वाजला, तेव्हा वाट्यांतून अजून वाफ येत होती.

"आये," दादासो म्हणाला आणि रडायला लागला. "आये, आबानं डोळं उघडलं. आत्ता, दुपारच्याला. एकदम उठून बसलं. च्या मागत्यात."

"दे की मंग च्या. मला काय सांगतोस?"

"आन् मेंढी व्याली का इचारत्यात."

"व्याली का?"

"व्याली. जुळं हाय."

साखरबाईनं फोन लेकीला दिला आणि तिसरी वाटी स्वतःच्या पुढं ओढली. ती सगळी संपवली. त्या रात्री गरम जमिनीवर ती घोरत झोपली, असं राजनंदिनी पुढं कित्येकांना सांगायची.

सकाळी पायरीवर दोनच जोड्या होत्या. साखरबाईनं वाकून आपले बूट स्वतःच फिरवले. निघताना आजीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

८

इंदापूर सोडलं, तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि साखरबाईला त्या धुळीचाही आनंद झाला. म्हस्कूला दवाखान्यातून सोडलं होतं. तो घरात भिंतीला टेकून बसला होता, गाल बसलेले, मांडीत जुळ्यांतलं एक कोकरू.

"आलीस व्हय. कसा हाय कोरिया?"

"बरा हाय. तुमी असता तर अजून बरा वाटला असता."

तो थोडा वेळ कोकराच्या कानाशी खेळला. मग म्हणाला, "दवाखान्यात येक बाई मला अरं-तुरं करत हुती. लई शिव्या देत हुती. तुज्यासारकाच आवाज. म्हनलं, ही काय आपली न्हवं. आपली आसं बोलत न्हाय."

"नर्स असंल येकादी," साखरबाई म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आली.

उंबऱ्याबाहेर पायताणं होती. दादासो तिथंच उभा राहून त्यांच्याकडं बघत होता.

"आये, ही आमी दवाखान्यात न्हेलीच न्हवती. दारातच पडून हुती. अंगठा कवा तुटला आन् बांदला कुनी?"

साखरबाई खाली वाकली. उजव्या अंगठ्यात पांढऱ्या-काळ्या केसांची दुहेरी दोरी होती. तिला घोंगडीच्या काठाची गाठ होती. तिनं गाठ ओढून बघितली, पक्की होती.

"जुनंच हाय ते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळपासून वरकुट्यात एक नवी कुजबुज सुरू झाली. साखरबाई परदेश बघून आली आणि तिला शिंगं फुटली. नवऱ्याची पायताणंसुद्धा सरळ करत नाही आता, सोडली तशी पडून असतात. साखरबाईच्या कानावर ते येतं आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

रोज सकाळी म्हस्कू दारात येतो, घराकडं तोंडं असलेल्या पायताणांकडं बघतो, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत वाकतो आणि एकेक फिरवून पायात घालतो.

"पयलं लावून ठेवायचीस," तो कुरकुरतो.

"तुमची तुमी लावा," साखरबाई चुलीपासून म्हणते. "वाकाय येतंय न्हवं अजून?"

म्हस्कू मेंढरं सोडून ओढ्याकडं जातो. संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर तो आवाज येतो, दबून, मग घासत, आणि ती चहाचं आधण ठेवते.